पान कुठलं, ते आधी सांगा

रविवारी सकाळी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर गर्दी असते. खताची पोती, ठिबकच्या नळ्या, 'पंधरा लिटरच्या पंपाला किती घालू' असे प्रश्न. त्या गर्दीत एक गृहस्थ शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढतात. पुडीत टोमॅटोचं एक पिवळं पान. दुकानदार ते उलटंसुलटं करून विचारतो, "प्लॉट केवढा आहे?" गृहस्थ आवाज खाली आणून सांगतात, "दोन कुंड्या." मागचे हसतात, दुकानदार हसत नाही. पाच मिनिटांनी गृहस्थ बाहेर पडतात, तेव्हा पिशवीत एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि टॉनिकची एक बाटली असते. तेवढ्या पैशांत मंडईतून महिनाभराचे टोमॅटो आले असते.

यात दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पेशंटला घरी झोपवून त्याचं नुसतं नख दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर तरी काय सांगणार? पान तोडून पुडीत बांधलं की सगळ्यात मोलाची माहिती झाडावरच राहून जाते. ते बुडाचं होतं की शेंड्याचं? एकच तसं होतं की सगळी तशी होती? त्याच्या खालच्या बाजूला काय बसलं होतं? टोमॅटोच्या बाबतीत रंगापेक्षा जागा जास्त बोलते. पिवळं पान दहा कारणांनी होतं. पण 'पिवळं आणि बुडाचं' म्हटलं की त्यातली निम्मी कारणं आपोआप गळतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट. घरोघरी ज्याला टोमॅटोचं पान म्हणतात, ती खरं तर पर्णिका असते. खोडापासून निघालेला अख्खा देठ आणि त्यावरच्या पाच-सात-नऊ पर्णिका मिळून एक पान होतं. हा कीस कशाला, असं वाटेल. पण 'अर्धं पान पिवळं' या तक्रारीचा उलगडा पुढे त्यावरूनच होणार आहे.

झाडाची पाहणी सकाळी करावी, ऊन चढायच्या आत. दुपारी धडधाकट झाडही मलूल दिसतं आणि विनाकारण धास्ती बसते. पाहणी बुडापासून शेंड्याकडे करत जावी आणि प्रत्येक टप्प्यावर एक तरी पान उलटून बघावं. टोमॅटोच्या पानांवर बारीक लव असते. दोन-चार पानं हाताळली की बोटांना हिरवट-पिवळा चिकट रंग लागतो आणि तो ओळखीचा उग्र वास येतो. तो रोग नव्हे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं भिंग आणि एक पांढरा कागद जवळ असला की सामग्री पुरी झाली. भिंग नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून बघितला तरी चालतं. मग शेवटी, खरं तर सगळ्यात आधी, कुंडीतल्या मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघावं.

बोट घालायचं कारण असं की घरच्या कुंडीत रोगापेक्षा पाण्याचे बळी जास्त. झाड मलूल दिसलं की माणूस पाणी घालतो. मुळं आधीच चिखलात गुदमरत असली तर झाड आणखी मलूल होतं, माणूस आणखी पाणी घालतो. पानं फिकट पिवळी, जड, लोंबती आणि माती ओली, तर पाणी जास्त झालंय. पानं कोरडी, कडा कुरकुरीत, कुंडी उचलून बघितली तर हलकी, तर पाणी कमी पडलंय. कुंडीखालच्या ताटलीत कायम साचलेलं पाणी, रंगाच्या जुन्या डब्याला एकच भोक, तेही मुळांनी बुजलेलं, ही नेहमीची ठिकाणं. डबा किमान पंधरा-वीस लिटरचा, त्याला चार-पाच भोकं आणि दिवसाला सहा तास ऊन एवढं जमलं नसेल, तर पुढचं निदान करण्यात फारसा राम नाही.

आता पिवळ्या पानांकडे.

बुडाची पानं एकसारखी फिकट होत पिवळी पडत असतील, वरचा भाग हिरवा पण किरकोळ दिसत असेल, तर बहुतेक वेळा नत्र कमी पडलेलं असतं. टोमॅटो खादाड झाड आहे. कुंडीतली माती थोडी, तिच्यातलं नत्र रोजच्या पाण्याबरोबर भोकातून वाहून जातं, आणि नुसत्या कोकोपीटवर झाड लावलं असेल तर त्यात नत्र मुळातच नसल्यासारखं. अशा वेळी झाड काय करतं, तर जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. घरात पोळी कमी पडली की मोठं माणूस आपल्या ताटातली पोरांच्या ताटात सरकवतं, तसं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला अशी हलवता येतात, म्हणून त्यांची उणीव आधी म्हाताऱ्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. पानांच्या निदानातला अर्धा अभ्यास या एका गोष्टीत आला.

नत्रासाठी दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, किंवा घाई असेल तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम घेऊन मुळाशी द्यावं. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवंगार होईल अशी वाट बघू नये. फरक पडला की नाही, ते नव्या पानांवरून ओळखायचं. आणि अगदी बुडाची दोन-तीन पानं पिवळी होऊन गळली, बाकी झाड टवटवीत आहे, तर काहीच करायचं नाही. ती म्हातारी झाली, वरच्या पानांच्या सावलीत आली, गेली.

बुडाच्याच पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, म्हणजे पानावर हिरव्या रेघांची जाळी उमटल्यासारखी दिसत असेल, तर मॅग्नेशियमकडे बोट जातं. इथे एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारलं तर उपयोग होतो. पण हल्ली घरच्या बागेत एप्सम सॉल्ट अंगाऱ्यासारखं वापरलं जातं. काहीही झालं की चमचाभर घाला! मॅग्नेशियम गरजेपेक्षा जास्त झालं की ते कॅल्शियमच्या वाटेत येतं, आणि मग फळाचं बूड काळं पडायला लागतं. म्हणजे पानाचं दुखणं फळावर ढकलल्यासारखं होतं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी आणि आतला भाग हिरवा असेल तर पालाश कमी, किंवा मातीत क्षार जास्त. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी दोन-तीनदा ओतून दिलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. खत 'थोडं जास्तच' घालणाऱ्यांच्या कुंडीतही कडा अशाच जळतात.

आता तीच हिरव्या शिरांची जाळी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसली, तर निदान साफ बदलतं. ही लोहाची उणीव. गंमत म्हणजे मातीत लोह नसतं असं नाही. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत ते असूनही मुळांना उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलेल्या कुंडीतही तेच होतं. मुळं सतत ओली राहिली तरी तसंच. त्यामुळे आधी पाणी कमी करून बघावं. आठवडाभरात फरक नसेल तर चिलेटेड लोह, नाहीतर हिराकस लिटरला दोन-तीन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावं. हिराकसाचे डाग फरशीवरून निघत नाहीत, एवढं बाल्कनीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

थंडीत रोपांच्या पानांची खालची बाजू जांभळट होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा गार मातीतून मुळं स्फुरद नीट उचलत नाहीत. ऊब आली की रंग आपोआप उतरतो.

पिवळेपणानंतर सगळ्यात जास्त घाबरवतं ते पानांचं वळणं. इथे मात्र घाई करणाऱ्यांचं दोन्हीकडून नुकसान होतं: निर्दोष झाड उपटलं जातं आणि आजारी झाडाला महिनाभर औषधं पाजली जातात.

निर्दोष वळणं असं दिसतं. झाड चांगलं वाढलेलं, फळं धरलेली, आणि बुडाकडची, मधली पानं कडेनं वर वळून पन्हळीसारखी झालेली. हाताला ती जाडसर, चामड्यासारखी लागतात, रंग हिरवाच. कडक ऊन, बगलफुटी एकदम काढणं, चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी बादलीभर पाणी, किंवा मोठ्या पावसानंतर ओली राहिलेली मुळं, यांतलं काहीतरी त्यामागे असतं. झाड पानाचं क्षेत्रफळ कमी करून स्वतःला सांभाळतं. वळलेली पानं पुन्हा सरळ होतीलच असं नाही, पण फळाला धक्का लागत नाही. औषध शून्य.

दुसरं वळणं शेंड्याला सुरू होतं. कोवळी पानं बारीक, कडांना पिवळी, द्रोणासारखी आत वळलेली, सुरकुतलेली. दोन पानांमधलं अंतर कमी होतं, शेंडा गुच्छासारखा दिसतो, झाड खुजं राहतं, फुलं येऊन गळतात. शेतकरी याला बोकड्या म्हणतात, कुणी चुरडामुरडा, पुस्तकात पर्णगुच्छ. हा विषाणू आहे, आणि त्याला आणते पांढरी माशी.

ही माशी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. सकाळी शेंड्याजवळची फांदी हलकेच हलवावी. पानांच्या खालून पांढऱ्या पिठाचे कण उडावेत तसं काहीतरी उडतं आणि क्षणात परत पानाखाली जाऊन बसतं. पान उलटलं तर भिंगाखाली मिलिमीटरभर लांबीची, पांढऱ्या पंखांची कौलारू छपरासारखी घडी घातलेली माशी दिसते. शेजारी हलत नाहीत असे फिकट पिवळे, चपटे खवले दिसतात. ती तिची पिल्लं. रस शोषून ती पान चिकट करते, त्या चिकटावर काळी बुरशी वाढते, पण तो किरकोळ त्रास. खरी गोष्ट अशी की आजारी झाडाचा रस प्यालेली माशी विषाणू बहुधा आयुष्यभर अंगात बाळगते, आणि तिनं निरोगी रोपावर तोंड टेकवल्यावर लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे शेंडा वळलेला दिसतो तेव्हा चोरी होऊन पंधरा दिवस उलटलेले असतात.

विषाणूवर औषध नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असलं तरी नाही. लहान रोपाला बोकड्या झाला तर ते पिशवीत घालून, तोंड बांधून मगच काढावं. उघडं उपटलं की त्यावरच्या माश्या शेजारच्या कुंडीत जातात. झाड मोठं असेल आणि खालच्या घोसांना फळं असतील तर ती पिकेपर्यंत थांबायचं की नाही, हा हिशोब बाकी किती झाडं आहेत यावर. एकटंच झाड असेल तर थांबायला हरकत नाही. पुढच्या वेळेसाठी मात्र रोप पहिले चार-पाच आठवडे बारीक जाळीखाली ठेवावं, जुन्या मच्छरदाणीपेक्षा दाट जाळी लागते, आणि झाडाच्या उंचीला पिवळा चिकट सापळा टांगावा. सापळ्यानं माशी संपत नाही, पण आली आहे हे कळतं.

जातीचा प्रश्नही इथेच येतो. घरी लोक बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरतात आणि मग त्या रोपाकडून फार अपेक्षा ठेवतात. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेनं काढलेला 'अर्का रक्षक' हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देतो. 'अर्का अभेद' त्यात उशिरा येणाऱ्या करप्याची भर घालतो. बी विकत घेताना असं नाव बघून घेतलं तर निम्मी फवारणी वाचते.

विषाणूच्या बाबतीत पट्टीचे शेतकरीही चकतात, याचा दाखला फार जुना नाही. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, संगमनेर, अकोले, जुन्नर या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटोची फळं एकसारखी पिकेनात. लाल, पिवळे, हिरवे पट्टे दिसायला लागले. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' असं नाव दिलं. नमुने बंगळूरला गेले, तेव्हा कुकुंबर मोझॅक विषाणू आणि त्याच्या जोडीला आणखीही विषाणू सापडले. कुकुंबर मोझॅक पसरवणारा आहे मावा, पांढरी माशी नव्हे. त्यात पानं द्रोणासारखी न होता बुटाच्या नाडीसारखी लांबट, चिंचोळी होतात. वळणं वेगळं, वाहक वेगळा.

पानं फर्नसारखी पिळवटलेली, शिरा समांतर धावणाऱ्या, खोड वेडंवाकडं, आणि हे सगळं एकाएकी आठवड्यात झालेलं असेल तर विषाणूआधी तणनाशकाचा संशय घ्यावा. टू-फोर-डी हे उसातलं नेहमीचं तणनाशक. त्याचा वाऱ्यानं आलेला तुषार द्राक्षबागांना आणि कपाशीला कसा भोवतो, हे उसाच्या पट्ट्यात कुणालाही विचारावं. टोमॅटोही तितकाच नाजूक. शहरात हा तुषार सोसायटीच्या आवारात मारलेल्या तणनाशकातून येतो, नाहीतर माळ्याकडून उसन्या आणलेल्या पंपातून.

ठिपक्यांचं निदान त्यामानानं सोपं, कारण ठिपक्याला स्वतःचा चेहरा असतो. बुडाच्या पानांवर तपकिरी डाग, आणि डागात एकात एक वर्तुळं, लाकडाच्या कापावर असतात तशी, भोवती पिवळी कडा. हा लवकर येणारा करपा. वर्तुळं नसतील, डाग लहान, मध्यभागी राखाडी, कडेला गडद आणि भिंगातून राखाडी भागात काळे टिंब दिसत असतील, तर सेप्टोरिया. घरच्या झाडापुरता दोघांचा उपाय एकच, म्हणून यात फार शिरायची गरज नाही. बुरशी मातीतल्या जुन्या पालापाचोळ्यात असते, पावसाच्या किंवा झारीच्या थेंबाबरोबर उडून बुडाच्या पानांवर बसते आणि तिथून जिना चढावा तशी वर जाते. तेव्हा जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाकावीत, मातीवर वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घालावं, पाणी मुळाशीच घालावं. डागाळलेली पानं कोरड्या दिवशी कात्रीनं काढावीत आणि ती घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत.

उशिरा येणारा करपा मात्र आठवडाभर वाट बघू देत नाही. ढगाळ दिवस, गार रात्री, पानं तासन्‌तास ओली, असं हवामान त्याला लागतं. पानावर गरम पाणी सांडल्यासारखे ओलसर, काळपट हिरवे डाग पडतात, त्यांना शिरांची हद्द नसते. सकाळी दवात पान उलटलं तर डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. खोडावर काळे-तपकिरी पट्टे येतात. आज दोन पानं, चार दिवसांत झाड. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक बुडवणारा आणि सुमारे दहा लाख माणसांचा जीव घेणाऱ्या दुष्काळाला कारण झालेला तो हाच रोग. टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले. हा दिसला की लागलेला भाग ताबडतोब काढावा, अर्ध्याहून जास्त झाड गेलं असेल तर ते सगळंच पिशवीत बांधून टाकून द्यावं. ताम्रयुक्त बुरशीनाशक लागण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला मारलं तरच कामाचं. मारायचं ठरवलं तर लेबलवर लिहिलेलं प्रमाण आणि फळ काढण्याआधी थांबायचे दिवस पाळावेत, आणि पावडर मोजायला स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नये.

पानावर पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसलं तर ती भुरी. हवा खेळती केली आणि दाटीतली पानं काढली की घरच्या झाडावर ती सहसा आवरते.

पानावर पांढऱ्या वळणदार रेघा, लहान मुलानं खडूनं गिरगटल्यासारख्या, ही नागअळी. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसून खाते, त्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पान उन्हाकडे धरलं की रेघेच्या टोकाला पिवळसर अळी दिसते. नखानं दाबली की विषय संपला. रेघेऐवजी रुंद, पारदर्शक फोड दिसले, आत काळी विष्ठा, तर ती टुटा असू शकते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, टोमॅटोच्याच माहेरची; भारतात ती पहिल्यांदा २०१४ मध्ये पुणे परिसरात सापडली. ती पानावर थांबत नाही, शेंडा आणि फळही पोखरते, म्हणून असं पान दिसताक्षणी तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावं.

उन्हाळ्यात पानांवर टाचणीनं टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आले, पान धुरकट, काशाच्या रंगाचं झालं, तर पांढरा कागद काढायची वेळ आली. कागदावर पान झटकावं आणि मिनिटभर बघत राहावं. धुळीचे कण चालायला लागले तर ते कोळी. त्यांना कोरडी, तापलेली हवा आवडते. पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा सलग तीन-चार दिवस मारला तरी त्यांची संख्या पुष्कळ उतरते. मावा आणि पिठ्या ढेकूण असले की खोडावर मुंग्यांची रांग लागलेली असते. मुंग्या झाड खात नाहीत, त्या चिकटगोड रसासाठी येतात. पण रांग बघून ढेकूण कुठे आहेत ते सापडतं.

आता ती अर्ध्या पानाची गोष्ट. बुडाच्या एखाद्या पानाच्या एकाच बाजूच्या पर्णिका पिवळ्या, दुसऱ्या बाजूच्या हिरव्या, मग झाडाची एक बाजू पिवळी, असं दिसलं तर फ्युझेरियम मर रोगाचा संशय घ्यावा. बुरशी खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या एकेक करून बंद करते, त्यामुळे ज्या नळीवर जे पान तेवढंच सुकतं. खोड तिरकं कापलं तर सालीखाली तपकिरी रेघा दिसतात.

याउलट झाड कालपर्यंत हिरवंगार, आज हिरवंच पण पूर्ण माना टाकलेलं, संध्याकाळी पाणी घालूनही सावरत नाही, असं झालं तर बहुधा जिवाणूजन्य मर. कोकणात आणि गोव्यात, आम्लधर्मी जांभ्या मातीत, वांगी-टोमॅटो लावणाऱ्यांच्या हा चांगला ओळखीचा. याची परीक्षा घरच्या घरी होते. जमिनीलगतचं खोड बोटभर लांबीचं कापून घ्यावं, स्वच्छ काचेच्या पेल्यात पाणी भरावं आणि तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो कडेला धरावा. पेला हलवायचा नाही. चार-पाच मिनिटांत कापातून दुधासारखा पांढरा धागा निघतो आणि सरळ खाली उतरत जातो. तो धागा म्हणजे जिवाणू. एवढं दिसलं की औषधाचा विचार सोडावा, झाड मुळासकट काढावं, ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी कशालाही वापरू नये. मुळं काढताना त्यांच्यावर बारीक गाठी दिसल्या तर मात्र गुन्हेगार सूत्रकृमी. त्या मातीत एक हंगाम दाट झेंडू लावला की त्यांची संख्या घटते.

विषाणूंपैकी एक जण मात्र माशीची वाट बघत नाही, तो हातानं येतो. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हा विज्ञानाला माहीत झालेला पहिला विषाणू, १८९८ साली बायरिंक या शास्त्रज्ञानं त्याचं वेगळेपण ओळखलं. तो टोमॅटोलाही लागतो; पानावर गडद-फिकट हिरव्या रंगाची ठिगळं दिसतात. वाळलेल्या तंबाखूत तो टिकून राहतो. तेव्हा तंबाखू मळून झाल्यावर त्याच हातानं बगलफुटी काढणाऱ्यांनी मध्ये साबणानं हात धुवावेत. घरातल्या आजोबांना हे सांगण्याचं काम नातवंडांकडे सोपवलेलं बरं.

राहिली फवारणी. घरच्या दोन-चार झाडांना निंबोळी अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची वाळलेली गिरी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा घालावा. तयार निंबोळी तेल घेतलं तर लिटरला पाच मिली, साबणासकट. फवारणी उन्हं उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला, आणि आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघून. भर दुपारी तेल मारून पानं भाजली की तेही नवीन रोग म्हणून दाखवायला नेली जातात. अर्कानं मावा, माशी, लहान अळ्या आवरतात. करपा, मर, बोकड्या यांवर त्याचा उपयोग नाही, आणि नत्र तर तो देतच नाही.

काउंटरवरच्या गृहस्थांनी पान न तोडता झाडाचाच फोटो नेला असता, बुडापासून शेंड्यापर्यंत एक आणि पान उलटून एक, तर बहुधा गांडूळखताच्या पिशवीवर काम भागलं असतं.

चार-पाच महिने झालेल्या झाडाची पानं मात्र कारण न विचारता पिवळी पडू द्यावीत. त्याचं काम झालेलं असतं. फांद्यांवर राहिलेले हिरवे टोमॅटो, विदर्भात ज्यांना भेदरं म्हणतात, ते उतरवावेत, फोडी करून लसूण आणि हिरव्या मिरच्यांबरोबर तेलावर परताव्यात, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ घालून पाट्यावर भरडाव्यात. वरून मीठ, कोथिंबीर. ज्वारीची भाकरी तोवर तव्यावर पडलेली असावी.